कर्ता कोण?

मनुष्यानें आपले कष्ट यंत्राच्या खांद्यावर टाकले, तेव्हां त्यांत त्याचें कांहीं गेलें असें सहसा कोणी म्हणत नाहीं. जातें सुटलें, मोट सुटली, वल्हें सुटलें. मनगटें आणि पाठी वांचल्या, आणि तें योग्यच झालें. परंतु कष्टांच्या मागोमाग निर्णयहि यंत्राच्या हवालीं करण्याची पाळी आली, म्हणजे प्रश्नाचें स्वरूप पालटतें. ओझें वाहणें ही एक गोष्ट. कोणतें ओझें केव्हां उचलावें हें ठरविणें ही दुसरी. ही दुसरी गोष्ट यंत्रास सोंपविल्यावर तिची जबाबदारीहि यंत्रावर जाते काय, आणि जात नसल्यास ती कोणाच्या पदरीं राहते, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. विषय मोठा आहे. त्याचें निमित्त मात्र लहान आहे, आणि तें एका जुन्या मोटारीचें आहे.

आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. त्यांच्या डाव्या पायाची शक्ति एका आजारानें गेली. उजवा पाय, दोन्ही हात आणि दृष्टि हीं शाबूत राहिलीं. घरीं कांटेसा जातीची जुनी मोटार, आणि मुलगी पुण्यास. क्लच दाबणें हें डाव्या पायाचें काम. तें होईना, तेव्हां मोटार दाराशीं उभी राहिली आणि मुलीच्या घरीं जाणें दुसऱ्याच्या सवडीवर आलें. आपोआप गियर बदलणारी नवी मोटार घ्या, असा सल्ला त्यांस अनेकांनीं दिला. जुनी विकणें त्यांस मानवेना. त्याचीं कारणें खाजगी आहेत, आणि तीं येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांनीं तिसरा मार्ग काढला. मोटार तीच ठेवावयाची, तिची क्लचची गियरपेटी तेवढी उतरवावयाची, आणि तिच्या जागीं विजेच्या आज्ञेनें चालणारी स्वयंचलित पेटी बसवावयाची.

असें केल्यावर मोटार तीच राहते काय, असा तर्क कोणी काढील, आणि मिलिंद राजास नागसेन भिक्षूनें विचारलेल्या रथाच्या प्रश्नाची आठवण देईल. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठें आहे? कांटेसेच्या बाबतींत हा प्रश्न कारखान्यापासूनच लागू होता. १९८४ ते २००२ ह्या काळांत हिंदुस्थान मोटर्सनें ती गाडी काढली. तिचा सांगाडा इंग्लंडांतील व्हॉक्सहॉल गाडीवरून घेतलेला, आरंभींचें इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचें, ब्रिटिश वळणाचें, आणि पुढील इंजिन जपानच्या इसुझूचें, १८१७ घनसेंटिमीटरचें. जिचा जन्मच अशा सरमिसळींतून झाला, तिच्या शुद्धतेबद्दल फार हळवें होण्याचें कारण नाहीं. कायदा मात्र ह्या बाबतींत हळवा आहे, आणि तसा तो असावा हें आम्हांस मान्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच निक्षून सांगितलें. त्याच कलमानें शारीरिक व्यंग असलेल्या मनुष्याच्या उपयोगासाठीं गाडी अनुकूल करून घेण्याची वाट, नोंदणी-अधिकाऱ्याच्या संमतीची अट घालून, मोकळी ठेविली आहे. आमच्या स्नेह्यांनीं तीच वाट धरली.

काम तळोज्यास झालें. एका बाजूस औद्योगिक वसाहतीचीं धुराडीं, दुसऱ्या बाजूस बेलापुराहून पेंधरपर्यंत आलेली मेट्रो, आणि जवळच कळंबोलीचा लोखंडबाजार. अशा ठिकाणीं पत्र्याच्या छपराखालीं जुन्या गाड्यांस दुसरा जन्म देणारे कारागीर आढळावे ह्यांत नवल नाहीं. आमच्या मिस्त्रींचे हात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांवर, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीवर तयार झालेले. त्या टॅक्स्या ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यांवर शिकलेले हात मात्र राहिले, आणि तेच हात आतां विजेच्या बारीक तारा जोडूं लागले आहेत.

पुढील विवेचन कळण्यासाठीं ह्या पेटीची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. स्वयंचलित पेटी ही कांहीं आजची वस्तु नव्हे. अमेरिकेंत ओल्ड्समोबील गाडींत 'हायड्रामॅटिक' पेटी १९४० सालच्या नमुन्यांपासून मिळूं लागली. तींत वीज नव्हती. गाडीच्या वेगाबरोबर फिरणारा एक नियामक तेलाचा एक दाब निर्माण करी, चालकाच्या पायाशीं जोडलेला दांडा दुसरा दाब निर्माण करी, आणि हे दोन दाब एका झडपेच्या दोन टोकांवर झगडत. वेगाचा दाब जिंकला कीं वरचा गियर पडे. पायाचा जिंकला कीं खालचा. हा तंटा स्प्रिंग आणि तेल ह्यांच्यांत मिटे, आणि तो कसा मिटावा हें कारखान्यांत स्प्रिंगच्या ताठरपणानें कायमचें ठरून गेलेलें असे.

विजेच्या पेटींत तोच तंटा एका लहान नियंत्रकापुढें चालतो. पेटीच्या पोटांत दोन सोलेनॉइड असतात; प्रत्येक एक तर चालू, नाहीं तर बंद. दोघांचे मिळून चार संयोग होतात, आणि त्या चार संयोगांच्या चार गति. एक सेन्सर गाडीचा वेग मोजतो. दुसरा, कार्ब्युरेटरच्या झडपेच्या दांड्यास बसविलेला, पाय किती दाबला आहे तें सांगतो. पाय उचललेला असतां त्याच्या तारेवर सुमारें अर्धा व्होल्ट, आणि पूर्ण दाबला असतां सुमारें साडेचार. ह्या दोन वार्ता घेऊन नियंत्रक आपल्या स्मरणांतील कोष्टकांत पाहतो, आणि कोणता सोलेनॉइड चालू करावयाचा तें ठरवितो. तें कोष्टक भरतो मिस्त्री.

जुन्या गाडींत ह्या तारा जोडणें हें केवळ रंगास रंग मिळविण्याचें काम नाहीं, हें आम्हीं तेथें बसून पाहिलें. नियंत्रकास वीज द्यावयाची ती अशा जागेवरून, कीं स्टार्टर फिरत असतांहि ती तुटूं नये. रेडिओच्या तारेवरून घेतल्यास चावी फिरवितांच ती क्षणभर जाते आणि नियंत्रक गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. वेगाच्या सेन्सरच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन, ठिणगीच्या तारांपासून दूर न्यावयाच्या. नाहीं तर ठिणगीचा गलका त्यांत शिरतो आणि नियंत्रकास नसलेला वेग दिसूं लागतो. ब्रेकच्या दिव्याची एक तार नियंत्रकाकडे न्यावयाची, म्हणजे ब्रेक दाबतांच इंजिन आणि पेटी ह्यांची घट्ट बांधलेली जोड सुटते आणि गाडी थांबतांना इंजिन बंद पडत नाहीं. दांडा 'पार्क' किंवा 'न्यूट्रल' ह्या जागीं नसेल तर स्टार्टर फिरूंच नये, अशी एक कडी मधें घालावयाची. आणि सर्वांत महत्त्वाचें तें अर्थिंग. मिस्त्रींनीं गंजलेल्या पत्र्यावर तें दिलें नाहीं. रंग खरवडून, इंजिनच्या मूळ धातूपर्यंत आणि तेथून बॅटरीपर्यंत जाड तार नेली. आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, "साहेब, सगळं माप इथून मोजायचं. इथंच खोट राहिली तर प्रत्येक सेन्सर खरं बोलेल आणि तरी सगळं खोटं होईल."

हें वाक्य मोटारीबाहेरहि खरें आहे. पण तो विषय आज आमचा नव्हे.

गाडी तयार झाल्यावर परीक्षेसाठीं आम्ही तिघे निघालों. सुकाणूवर आमचे स्नेही, शेजारीं मिस्त्री, मागें आम्ही. सपाटीवर गाडी अशी चालली, कीं स्नेह्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत चढणहि तिनें सुखानें पार केली. परततांना जुन्या रस्त्यानें बोरघाट उतरूं लागलों, आणि पहिल्याच तीव्र उतारावर तोल बिघडला. स्नेह्यांनीं उतार पाहून, प्रत्येक जाणता चालक उचलील तसा, आपला पाय उचलला. तारेवर अर्धा व्होल्ट राहिला. नियंत्रकानें कोष्टक पाहिलें. वेग बरा आहे, पाय उचललेला आहे, म्हणजे इंजिनास आतां काम नाहीं. आणि त्यानें चौथा गियर टाकला. इंजिनचा जो अडसर गाडीस मागें धरून ठेवावयाचा, तो सैल झाला. गाडी धांवूं लागली. स्नेही ब्रेक दाबीत राहिले आणि ब्रेकांचा जळका वास येऊं लागला. "काका, दांडा दोनवर घ्या!" असें मिस्त्री ओरडले; स्नेह्यांनीं दांडा ओढला, इंजिन गर्जलें, आणि गाडी आवरली. खालीं येऊन एका चहाच्या टपरीशीं थांबलों तेव्हां कोणाच्याहि तोंडून बराच वेळ शब्द निघाला नाहीं.

मग दोष कोणाचा हें बोलणें निघालें. आम्हीं म्हटलें, "गाडी चुकली." स्नेही म्हणाले, "चूक माझी. ह्या गाडीची संवय मला नाहीं." मिस्त्री म्हणाले, "नाही काका. पाय उचलला म्हणजे आराम, असं मीच तिला शिकवलं. उतार मी धरलाच नव्हता." एका घटनेचे तीन कर्ते उभे राहिले. ह्या तीन उत्तरांचा विचार क्रमानें करणें हाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आमचें स्वतःचें उत्तर घेऊं, कारण तेंच सर्वांत हलकें होतें. चुकणें म्हणजे जें करावयास पाहिजे तें ठाऊक असून, किंवा ठाऊक होण्याजोगें असून, न करणें. गाडीस उतार ठाऊक नव्हता, आणि तो कळण्याचें साधनहि तिला दिलेलें नव्हतें. तिनें आपल्या दोन तारांवर आलेलें सत्य प्रामाणिकपणें मानलें आणि कोष्टकांत लिहिलें होतें तेंच केलें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माच्या सिद्धीस पांच कारणें सांगितलीं आहेत; त्यांत कर्ता निराळा आणि करण, म्हणजे साधन, निराळें मोजलें आहे. साधन कितीहि सूक्ष्म झालें, त्याच्या पोटांत कोष्टकें आणि गणितें भरलीं, तरी तेवढ्यानें तें एका पंक्तींतून उठून दुसऱ्या पंक्तींत जाऊन बसत नाहीं. "गाडी चुकली" असें म्हणून आम्हीं त्या दिवशीं कोणासहि दोष न देण्याचा सोपा मार्ग शोधला होता, एवढेंच.

तळोज्याच्या रहिवाशांस हा सोपा मार्ग परिचयाचा आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें ह्याच औद्योगिक वसाहतींतील भटकीं कुत्रीं निळीं झालेलीं दिसलीं. कारखान्यांतून बाहेर पडलेला रंग त्यांच्या अंगास लागला होता. संबंधित कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळानें बंद करविला. त्या वेळीं नळास किंवा झडपेस दोष देऊन कोणाचें समाधान झालें नसतें. झडप कोणी तरी उघडी ठेविली, आणि ती उघडी राहूं शकेल अशी व्यवस्था कोणी तरी चालूं दिली. नळ लांब असला म्हणजे त्याच्या दोन टोकांमधील जबाबदारी वाटेंत मुरून जात नाहीं.

आतां स्नेह्यांचें उत्तर. तें उदार होतें, पण खरें नव्हतें. लोकमान्य टिळकांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त बाह्य कर्मापेक्षां कर्त्याची बुद्धि श्रेष्ठ मानली, आणि नीतीचा निर्णय करतांना तिच्याकडे आधीं पाहावें असें प्रतिपादन केलें. ह्या दृष्टीनें पाहतां त्या घाटांत काय घडलें? पाय उचलणें हें एकच बाह्य कर्म. सपाटीवर त्याचा अर्थ 'आतां मला घाई नाहीं' असा होतो. उतारावर त्याचाच अर्थ 'मला आंवरून धर' असा होतो. चिन्ह एक, अभिप्राय दोन, आणि ते परस्परविरुद्ध. यंत्राच्या तारेवरून चिन्ह जातें, अभिप्राय जात नाहीं. क्लच आणि दांडा हातीं असतां स्नेह्यांस हा अभिप्राय कृतींत उतरवितां येत असे. दुसरा गियर ते स्वतः टाकीत. आपल्या मनांतला अर्थ यंत्रास कळतो अशी समजूत त्यांची झाली, आणि तशी ती होऊं देण्यांत आली. ज्याच्या हातून साधन काढून घेतलें, त्याच्यावर तें न वापरल्याचा ठपका ठेवतां येत नाहीं.

मिस्त्रींचें उत्तर राहिलें, आणि आमच्या मतें तेंच सत्याच्या सर्वांत जवळ होतें. निर्णय यंत्राकडे गेला असें आपण म्हणतों, तें वस्तुतः तसें नसतें. निर्णय नाहींसा होत नाहीं. त्याचें स्थळ आणि काळ बदलतो. बोरघाटांतील चौथा गियर त्या वळणावर पडला खरा, पण तो टाकावयाचा हें चार दिवस आधीं, तळोज्याच्या छपराखालीं, एका सपाट दुपारीं ठरलें होतें. ठरविणाऱ्यापुढें तेव्हां ना उतार होता, ना दरी, ना स्टिअरिंगवरचा वृद्ध मनुष्य. स्वतः गियर टाकणारा चालक प्रसंग पुढें ठेवून निर्णय करतो. तारा जोडणारा मनुष्य प्रसंगाच्या अभावीं, आणि एका प्रसंगाचा नव्हे तर पुढें येणाऱ्या सर्व प्रसंगांचा, एकदम निर्णय करतो. म्हणून त्याची जबाबदारी चालकाहून कमी नसून अधिक आहे. जें दिसत नाहीं त्याची कल्पना करणें, हा त्याच्या कर्तव्याचाच भाग होय.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. मनुष्य तरी प्रत्येक गियर विचार करून टाकतो काय? त्याचे हातहि संवयीनेंच चालतात. आणि थकलेल्या, रागावलेल्या किंवा झोंप आलेल्या मनुष्यापेक्षां कोष्टक अधिक भरंवशाचें. हें सर्व आम्हांस मान्य आहे. पण दोन गोष्टी त्यामुळें बदलत नाहींत. पहिली ही, कीं संवय ज्याची त्याच्याजवळच असते, आणि प्रसंग विपरीत दिसतांच तो तिला थांबवूं शकतो. कोष्टक दुसऱ्याचें असतें, आणि तें आहे हेंहि पुष्कळदां आपणांस ठाऊक नसतें. दुसरी ही, कीं चुका कमी झाल्या म्हणून उरलेल्या चुका कोणाच्याच नाहींत असें होत नाहीं.

ह्या अज्ञानाची किंमत जगानें मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत आणि १० मार्च २०१९ रोजीं इथिओपियांत बोइंग कंपनीचीं ७३७ मॅक्स जातीचीं दोन विमानें कोसळलीं. दोहोंत मिळून ३४६ माणसें गेलीं. विमानाचें नाक आपोआप खालीं करणारी एक योजना त्यांत होती. ती एकाच सेन्सरच्या वार्तेवर विसंबून होती, आणि पहिल्या अपघातापूर्वीं वैमानिकांच्या हातीं दिलेल्या पुस्तकांत तिचा उल्लेखहि नव्हता. सेन्सरनें खोटी वार्ता दिली, योजनेनें ती खरी मानली, आणि वैमानिक आपण कोणाशीं झगडत आहों हें न कळतां झगडत राहिले. कांटेसा कोठें आणि विमान कोठें. पण दोहोंतील नीतीचा प्रश्न एकच आहे. दुसऱ्याच्या वतीनें आधींच निर्णय करून ठेवावयाचा, आणि तो केला आहे हें त्यास सांगावयाचें नाहीं, हा अधिकार कोणासहि नाहीं.

तेव्हां जो मनुष्य यंत्रास निर्णय शिकवितो त्यानें काय करावें? ह्याचें उत्तर त्या पेट्यांच्या रचनेंतच थोडेंसें दडलेलें आहे. जुन्या गाड्यांत बसविण्यासाठीं परदेशांत लोकप्रिय असलेल्या जनरल मोटर्सच्या दोन पेट्या घ्या. त्यांची वीज अकस्मात् तुटली तर सोलेनॉइड बंद पडतात. पण एका पेटींत तिसरा गियर आणि दुसरींत दुसरा तरीहि लागलेला राहतो, आणि तेलाचा दाब पडण्याऐवजीं पूर्ण चढतो. कारण त्यांत वीज दाब वाढवीत नाहीं, ती तो कमी करते. म्हणजे आज्ञा देणारें मस्तक गेलें तरी पकड सुटत नाहीं. गाडी खडबडीत चालेल, पण रस्त्याच्या मधोमध सोडून देणार नाहीं. ही रचना ज्यानें केली त्यानें स्वतःच्या अज्ञानाचा विचार आधीं केला. आपणांस कांहीं कळेनासें झालें तर कोणत्या बाजूस झुकावें, हें त्यानें ठरवून ठेविलें. कर्तव्याचा हा पहिला भाग. दुसरा, कीं ज्याचा जीव त्यांत गुंतला आहे त्याच्या हातीं निर्णय फिरविण्याचें साधन शिल्लक ठेवावें. त्या दिवशीं दांड्याची 'दोन' ही जागा नसती, तर हा लेख लिहिला गेला नसता. आणि तिसरा, कीं काय ठरविलें आहे तें उघड सांगावें.

मिस्त्रींनीं पुढें तेंच केलें. नियंत्रकांत त्यांनीं नवा नियम घातला: पाय उचललेला असून ब्रेक दाबलेला असेल, आणि वेग तरीहि कमी होत नसेल, तर वरचा गियर पडूं नये. ब्रेकची तार आधींपासून जोडलेली होतीच. तिच्यावरून येणाऱ्या वार्तेचा हा दुसरा अर्थ लावण्याचें तेवढें राहून गेलें होतें. त्यासाठीं त्यांनीं एक पैसाहि घेतला नाहीं. मग त्यांनीं एका जाड कागदावर प्रत्येक तारेचा रंग, ती कोठून निघते, कोठें जाते आणि तिच्यावर किती अँपिअरचा फ्यूज आहे, हें मराठींत लिहिलें. खालीं गाडी केव्हां कोणता गियर टाकील तें सोप्या शब्दांत मांडलें. आणि तो कागद पारदर्शक पाकिटांत घालून बॉनेटच्या आंतल्या बाजूस लावला. आम्हीं विचारलें, हें कोणासाठीं? ते म्हणाले, "माझ्यानंतर ही गाडी उघडेल त्याच्यासाठी. आणि काकांसाठी. गाडी चालवणार ते. माझ्या मनात काय होतं ते त्यांना कळायला नको?"

स्नेही आतां दर महिन्यास पुण्यास जाऊन येतात. परवां आम्ही त्यांच्याबरोबर होतों. खंडाळ्याच्या माथ्यावर येतांच त्यांनीं दांडा स्वतः 'दोन' वर घेतला. नियंत्रकास आतां उतार कळतो, मग हा खटाटोप कशास, असें आम्हीं सहज विचारलें. ते म्हणाले, "त्याला कळतो हें मला ठाऊक आहे. पण घाट मी उतरतों आहें." आणि गाडी इंजिनच्या धीम्या घरघरीवर, एकेक वळण घेत, खोपोलीकडे उतरूं लागली.